टाळू भरताना : एका बाळंतिणीच्या मंत्रचळाचा प्रकरण अभ्यास

केस पेपरवर एकच ओळ होती : 'बाळंतपणाला पाच आठवडे, झोप नाही, चिडचिड, हात कापतात.' ही तक्रार आजीनं सांगितलेली, म्हणजे बाळंतिणीच्या आईनं. बाळंतीण शेजारच्या खुर्चीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. बाळ आजीच्या मांडीवर. ते कुरकुरायला लागलं तशी आजीनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं मान फिरवली, आणि आजीच उठून खोलीत येरझाऱ्या घालू लागली. पहिल्या दहा मिनिटांत मला एवढंच दिसलं, पण ते हात डोक्यात राहिले. थंडी म्हणावी तर एप्रिल होता, तोही सांगलीतला.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. औषधं मी लिहीत नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं, आणि या केसमध्ये आम्ही दोघांनी मिळून उपचार केले. दुसरं असं की ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नोकरी बदलली आहे आणि आणखी दोघींच्या हकिगतीतले तपशील यात मिसळले आहेत. त्यामुळे 'अगंबाई, ही तर आपल्या गल्लीतली' असं कुणाला वाटलंच, तर ती ही नव्हे.

आजीला बाळ घेऊन बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर पाचेक मिनिटं बाळंतीण काहीच बोलली नाही. मग विचारलं, "मॅडम, इथं बोललेलं पोलिसांना सांगावं लागतं का?"

हा प्रश्न ऐकला की मी पेन खाली ठेवते. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. कुणाच्या जिवाला खरोखर धोका असेल तर त्याला अपवाद आहेत, हेही मी सांगितलं. तिची दुसरी भीती होती की बाळ काढून घेतील. त्याच कायद्यात तरतूद आहे की आईला दाखल करावं लागलंच, तर तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र विभाग २००९ पासून आहे. हे सगळं ऐकून घेतल्यावर तिनं हात मांड्यांखालून काढले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला वाटतं, मी तिला मारीन."

सोळा दिवस

ती अठ्ठावीस वर्षांची, एका पतसंस्थेत हिशेब पाहणारी. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, माहेरी. नवरा चाकणला कारखान्यात, शनिवारी येणारा. बारसं झालं, पाहुणे गेले. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी मालिशवाली बाई आली नाही, तेव्हा आई म्हणाली, "आज तूच भर की टाळू."

तिनं वाटीतलं कोमट तेल बोटांवर घेतलं आणि टाळूवर ठेवलं. बोटांखाली मऊ लागलं, आणि त्या मऊपणात बारीक धडधड. त्या क्षणी मनात आलं : इथं बोट रुतवलं तर? नुसते शब्द नव्हते, चित्रच उभं राहिलं. तिनं हात इतक्या झटक्यानं मागे घेतला की वाटी कलंडून तेल गोधडीवर सांडलं. हात कापतोय, तूच भर, असं आईला सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे येईपर्यंत सोळा दिवस तिनं बाळाच्या डोक्याला हात लावला नव्हता. (टाळूवरचा पडदा वाटतो त्यापेक्षा चिवट असतो, रोजच्या तेल लावण्यानं त्याला काही होत नाही. हे तिलाही माहीत होतं. माहिती असणं आणि भीती जाणं यांचा या आजारात फारसा संबंध नसतो.)

पुढचं भराभर झालं. दुसऱ्या दिवशी आई विळीवर दोडका चिरत होती आणि बाळ जवळच दुपट्यात. विळीचं पातं दिसलं आणि पुन्हा चित्र. मग आंघोळीचं कढत पाणी, मग गच्चीचा कठडा, मग उशी. घरातली एकेक साधी वस्तू हत्यार होत गेली. बाळ रांगायला लागेल, असं कारण देऊन तिनं विळी माळ्यावर टाकायला लावली. महिन्याचं बाळ रांगणार कधी म्हणून आजी हसली, पण विळी माळ्यावर गेली. दूध पाजताना आई समोर बसलेली हवी. संडासला जातानाही बाळ कुणाकडे तरी सोपवूनच. रात्री बाळ जिवंत आहे ना, म्हणून मोबाइलचा उजेड दुसरीकडे पाडून छाती वरखाली होते का ते बघायचं, तीस-चाळीस वेळा. आणि बाथरूमचं दार लावून मोबाइलवर शोध : आईनं लेकराला मारल्याच्या बातम्या. त्या बायांत आणि आपल्यात काय सारखं आहे, त्या आधी कशा वागत होत्या.

हे सगळं निदान कुणाला तरी दिसण्यासारखं होतं. न दिसणारं याहून जास्त होतं. बाळाजवळून उठली की ती मनातल्या मनात गेल्या पाच मिनिटांचं रीळ मागे नेऊन पाहायची : मी आत्ता काही केलं का? हात कुठं होता? रीळ मध्येच तुटलं, एखादा क्षण आठवला नाही, की पुन्हा सुरुवात. आजीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. मग जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, बाळंतपणात मन हळवं होतं, नामस्मरण करा. सल्ला प्रेमाचा होता, यात शंका नाही. तिला रामरक्षा लहानपणापासून पाठ. ती म्हणू लागली. मध्येच वाईट विचार आला की तो श्लोक बाटला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी सातला दिवा लावून बसली ती साडेनऊपर्यंत शेवटच्या श्लोकाला पोचली नव्हती.

शब्द आणि आजार

ओसीडीला, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डरला, मराठीत मंत्रचळ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ असा की मंत्र म्हणताना चूक झाल्यामुळे लागलेलं वेड. कार्यकारण उलटं झालंय : चुकीमुळे आजार होत नाही, तर चूक झाली असं वाटत राहणं हाच आजार. पण ज्यानं कुणी हा शब्द पाडला त्यानं असा अडलेला, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेला जप जवळून पाहिला असणार, असं मला नेहमी वाटतं.

आजाराचे भाग दोन. एक ऑब्सेशन, म्हणजे नको असताना घुसणारा, स्वतःच्या स्वभावाला न शोभणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरं कम्पल्शन, म्हणजे त्यानं उठलेली भीती शमवायला केलेली कृती, हातानं असो वा मनातल्या मनात. कृती केली की मिनिटभर बरं वाटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. मेंदू शिकतो की कृती केली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी विचार जास्त जोरात येतो, कृती जास्त लांबते. रोजचा तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा घरचं, नोकरीचं काम त्यामुळे अडत असेल, तर त्याला आजार म्हणायचं. या बाईचा हिशेब आम्ही मांडला तेव्हा जागेपणीचे पाच-सहा तास निघाले.

लोकांच्या मनातला मंत्रचळ म्हणजे हात धुणारा माणूस. तो प्रकार आहेच. आमच्याकडे टाकी रिकामी करणाऱ्या सुना आणि दुधाची पिशवी साबणानं धुणारे सासरे येतात. पण गॅस आणि कडी-कुलूप तपासणारे, चपला रेषेत लागेपर्यंत घराबाहेर न पडणारे, देवासमोर उभं राहिलं की अभद्र शब्द किंवा चित्र मनात येतं म्हणून देवळात जाणंच सोडलेले, जवळच्या नात्यातल्या माणसाबद्दल लैंगिक विचार येतो म्हणून स्वतःची किळस आलेले, हेही सगळे ओसीडीचेच पेशंट. शेवटचे दोन गट आणि ही बाळंतीण, यांना मदत मिळायला सगळ्यांत उशीर होतो, कारण ते तोंडच उघडत नाहीत. आणि टापटीप आवडणाऱ्या लोकांनी 'मी ना, जरा ओसीडी आहे' असं हसत म्हणणं बंद केलं, तर उरलेल्यांना तोंड उघडणं थोडं सोपं जाईल. हा माझा जुना राग आहे, तो इथं काढून घेते.

तिचा पूर्वेतिहास विचारला तेव्हा कळलं की ही पहिली वेळ नव्हतीच. सातवी-आठवीत ती अक्षर मनासारखं येईपर्यंत खोडायची, वहीचा कागद फाटायचा. कोल्हापूरला होस्टेलवर रात्री कडी लावली का हे सात वेळा पाहायची, सातच. त्या वेळी कुणी याला आजार म्हटलं नाही. अभ्यासू आहे, काळजी घेणारी आहे, असंच म्हटलं. वडील नळ बंद करण्याआधी नळाची चावी धुतात, मग हात, मग पुन्हा चावी. घरात त्याला 'दादांचं सोवळं' म्हणतात. हा आजार घराण्यात वाहतो, वडिलांना किंवा भावंडांना असेल तर शक्यता वाढते. आणि गरोदरपण, बाळंतपण हा तो उफाळून येण्याचा नेमका काळ असतो. शरीरातली हार्मोन्स बदलतात, झोप तुटते, आणि एक इवलासा जीव पूर्णपणे आपल्या हवाली होतो. मंत्रचळाला खतपाणी घालणारी मुख्य गोष्ट जबाबदारीची अतिरेकी जाणीव असते, आणि बाळंतिणीएवढी जबाबदारी कुणावर असते?

सगळ्यांत महत्त्वाचा फरक

बाळंतपणानंतर बाळाला इजा करण्याबद्दल कुणी बोललं की आधी एक गोष्ट नक्की करावी लागते : हा मंत्रचळ आहे की प्रसूतीनंतरचा सायकोसिस? सायकोसिस हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि ती आणीबाणी असते. त्यात बाईला झोपेची गरजच वाटेनाशी होते, ती भ्रमिष्टासारखी वागते, आवाज ऐकू येतात, बाळात काही अशुभ आहे किंवा त्याला 'मुक्त' करायचंय असं तिला पटलेलं असतं. तो विचार तिला परका वाटत नाही. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, बाळ-बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही.

इथं सगळं उलट होतं. विचार तिला परका, घाणेरडा वाटत होता. तो टाळायला ती घरभर धडपडत होती. आवाज नव्हते, भ्रम नव्हते, तारीख-वार नीट होते, झोपायची इच्छा होती पण धास्तीनं झोप लागत नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांनी हे स्वतंत्रपणे तपासलं. नैराश्याची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली, त्यात तीसपैकी १६ गुण आले, म्हणजे मंत्रचळाच्या जोडीला नैराश्याचीही दाट शक्यता. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा असतो. तो कागदावर सोडून न देता तोंडी विचारला. "मरावंसं वाटतं का?" ती म्हणाली, "मी नसले तर ती सुरक्षित राहील, असं वाटतं. पण केलं काही नाही, करायचं ठरवलंही नाही." हे वाक्य फाइलमध्ये लाल शाईनं आहे, आणि पुढचे दोन महिने दर भेटीत ते पुन्हा विचारलं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहिलं. थायरॉइड ठीक होतं, रक्त कमी होतं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

मंत्रचळाची तीव्रता मोजायला येल-ब्राऊन मापनश्रेणी वापरतात. दहा प्रश्न, जास्तीत जास्त ४० गुण, २४ ते ३१ म्हणजे तीव्र. तिचे आले २९.

मग मी तिला सांगितलं की असे विचार तिला एकटीलाच येत नाहीत. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तर बहुतेकांना असे नको ते विचार येत असल्याचं निघालं. कॅनडात बाळंतिणींवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जवळजवळ निम्म्या जणींनी बाळाला मुद्दाम इजा करण्याचा विचार मनात चमकून गेल्याचं सांगितलं होतं. बाकीच्या बाया 'शी, काहीतरीच' म्हणून लंगोट बदलायला लागतात. हिच्याकडे त्या विचाराला पाट मांडून बसवलं गेलं, चौकशी झाली, बंदोबस्त लागला.

माझी चूक

पहिल्या भेटीच्या शेवटी ती रडत होती. मी तिचा हात धरून म्हटलं, "तू असं काही करणार नाहीस." कुठल्याही माणसाच्या तोंडून निघेल असं वाक्य. संध्याकाळी क्लिनिकच्या फोनवर तिचा फोन : "मॅडम, तुम्ही ते नक्की म्हणालात ना?" दुसऱ्या दिवशी दोन फोन. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की मी ते म्हणाले तेव्हा तिनं मला सगळं सांगून झालं होतं की काही राहिलं होतं, कारण राहिलं असेल तर ते वाक्य लागू होत नाही.

मी तिला रामरक्षेतला आणखी एक श्लोक दिला होता. दिलासा हेही या आजारात व्यसनासारखं काम करतं. माहिती एकदा द्यायची, खात्री मात्र कधीच द्यायची नाही, हे वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माझ्याच्यानं तेवढं पाळवलं गेलं नाही. पुढच्या भेटीत मी तिला हे तसंच सांगितलं. पहिल्यांदा ती हसली.

औषध

औषध निवडताना अंगावरच्या दुधाचा विचार होता. नैराश्यावरही देतात त्या एसएसआरआय गटातलं सर्ट्रालीन निवडलं, कारण ते दुधात फार कमी उतरतं. बाळाच्या डॉक्टरांना कळवलं, बाळाची झोप, दूध ओढणं आणि वजन यांवर लक्ष ठेवलं. २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सहा आठवड्यांत १५० वर नेलं. मंत्रचळाला या गटातली औषधं नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत लागतात आणि पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे खूप. हिनंही विचारलं होतं. आजीला गोळीपेक्षा रात्रीची व्यवस्था जास्त पटली : रात्रीचं एक पाजणं आजीकडे, काढून ठेवलेल्या दुधावर, म्हणजे लेकीला सलग पाच तास झोप.

विळी

खरं काम एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शनचं. आम्ही आपसात ईआरपी म्हणतो. मूळ सोपं आहे : भीतीच्या गोष्टीसमोर मुद्दाम जायचं आणि शमवणारी कृती करायची नाही. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी या पद्धतीनं बरे झालेले पेशंट मांडले, त्याआधी हा आजार जवळजवळ असाध्य समजला जायचा. आपल्याकडे अडचण अशी की ईआरपी नीट करणारे लोक कमी, आणि 'बोलून घेणं' म्हणजे उपचार, असा समज पक्का.

तिच्याबरोबर शिडी बनवली, त्रासाला शंभरपैकी अंक देऊन. वहीत पानभर 'विळी' लिहिणं, २५. विळी माळ्यावरून उतरवून ओट्याखाली ठेवणं, ४०. बाळ दुसऱ्या खोलीत असताना भाजी चिरणं, ५०. एकाच खोलीत, ८०. आई बाजारात गेलेली असताना टाळू भरणं, ९५. रात्री बाळाजवळ एकटीनं झोपणं, १००. नियम एक : दुसऱ्या आया रोज करतात त्याच्या पलीकडचं काही करायचं नाही. विळी घेऊन बाळाजवळ बसायचं नव्हतं, बाळ घरात असताना स्वयंपाक करायचा होता.

पाचव्या सत्राला आमच्या क्लिनिकच्या मावशींकडून विळी मागून आणली. मावशींनी ती का हवी हे विचारलं नाही, फक्त 'धार लावलेली हाय' एवढं बजावलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. आजी भिंतीला टेकून, मांडीवर बाळ. बाळंतीण विळीवर बसली, गवार घेऊन. सुरुवातीला अंक ८५. पहिल्या शेंगेला तिचा अंगठा इतका थरथरत होता की शेंग तुटण्याऐवजी चेंगरली. दहा मिनिटांनी ८५. वीस मिनिटांनी ८०. ओठ हलत होते. "काय चाललंय?" विचारल्यावर म्हणाली, "रामरक्षा." ती थांबवायला सांगितली, अंक पुन्हा ९०. चाळीस मिनिटांनी गवार संपली, अंक ६०.

अंक उतरला म्हणून मी खूश झाले, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही बघत होता म्हणून बरं झालं." म्हणजे तिच्या हिशेबात बाळ माझ्यामुळे वाचलं होतं. सगळी गवार फुकट. पुढच्या सत्राला मी तिला भेंडी दिली आणि खोलीबाहेर जाऊन बाकावर बसले. त्याच्या पुढच्या वेळी आजीला पाठ करून बसायला सांगितलं. भीती कमी होणं हे इथं मुख्य नसतं. भीती तेवढीच असताना, कुणी पहारा देत नसताना, मनानं बजावलेली भयंकर गोष्ट झाली नाही, हे हातांना कळावं लागतं.

मनातल्या कृतींसाठी वेगळं करावं लागलं. तिनं स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं : 'मी माझ्या मुलीला कधीतरी इजा करू शकते. करणार नाही याची खात्री मला कुणीच देऊ शकत नाही. तरीही मी आज तिची टाळू भरणार आहे.' हे रोज वीस मिनिटं ऐकायचं. पहिल्या दिवशी तिनं मोबाइल भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला. दहाव्या दिवशी ऐकता ऐकता डुलकी लागली, असं तिनं वैतागून सांगितलं, जणू गृहपाठ चुकला. रामरक्षेचं काय, असं तिनं विचारलं. म्हटलं, म्हण, दिवसातून एकदा, आणि मध्ये विचार आला तर त्याच श्लोकावरून पुढे जा, मागे फिरायचं नाही. आजीला हे पाप वाटलं. मग तीच म्हणाली, "देवाला काय, कळतंय की."

चाकणचा माणूस

नवरा शनिवारी आला, तेव्हा त्यालाही बोलावलं. साधा, हळवा माणूस. आठवडाभरातले व्हिडिओ कॉल मोजले तर एका दिवशी चौदा. प्रत्येकात तोच प्रश्न, 'मी काही करणार नाही ना?', आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर, 'नाही गं राणी.' तो शिफ्टमध्ये लाइन सोडून हे सांगायला बाहेर यायचा, सुपरवायझरची बोलणी खायचा. मी म्हटलं, आता हे उत्तर बंद. तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मीच कुठली तरी कैकेयी. "बायको रडतीय आणि मी गप बसू?"

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी एक वाक्य ठरलं, त्याच्याच शब्दांत : "हा ओसीडीचा प्रश्न आहे, त्याला मी उत्तर देत नाही. तुझ्याशी बोलायला मी आहेच. आज काय जेवलीस?" पहिले दोन दिवस ती त्याच्यावर भडकली, एकदा फोन ठेवला. दुसऱ्या आठवड्यात कॉल चारवर आले. घरच्यांचा हा आधार बंद करायचा तो असाच, सगळ्यांनी मिळून आणि पेशंटला आधी सांगून. एके दिवशी अचानक तोंड फिरवणं हा उपचार नव्हे.

उपचारांच्या बाराव्या आठवड्यात येल-ब्राऊनवर १७ आले. गुण ३५ टक्के उतरले तर उपचार लागू पडले असं धरतात. इथं त्याहून थोडे जास्तच उतरले होते. टाळू ती नवव्या आठवड्यापासून भरत होती. आई बाजारात गेली असताना पहिल्यांदा भरली, तेव्हा तिनं मला फोन केला नाही. पुढच्या भेटीत, जाता जाता सांगितलं.

आठव्या महिन्यात ती चाकणला गेली. सातव्या मजल्यावर फ्लॅट, पुढे गॅलरी. पंधरा दिवसांत तिचा मेसेज आला : 'मॅडम, विळी परत आली. आता तिला गॅलरी म्हणतात.' हा आजार असाच वेश बदलून येतो, आणि वेश बदलला की नवखा पेशंट पुन्हा पहिल्यासारखाच घाबरतो. पण तिनं खाली स्वतःची शिडीही लिहून पाठवली होती. गॅलरीला ग्रिल आहे का, एवढंच मी विचारलं. होतं. मग बाळाला कडेवर घेऊन लंगोट वाळत घालणं, रोज, नवरा कामावर असताना. तीन आठवड्यांत गॅलरी म्हणजे पुन्हा कपडे वाळत घालायची जागा झाली.

शेवटची भेट पुढच्या मे महिन्यात झाली, मुलगी चौदा महिन्यांची. गुण ९. औषध १०० मिलिग्रॅमवर, आणखी वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं, एकदम तोडायचं नाही, असं ठरलं. दुसरं मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, हे तिनं स्वतः फाइलवर लिहून घेतलं. मुलगी टेबलाखाली माझ्या चपलेचा बंद चावत होती.

"विचार येतात का अजून?" मी विचारलं.

"येतात की. परवाच लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते, ही शेजारी बसून कोय चाटत होती. आला."

"मग?"

"मग काय? फोडी जरा मोठ्या झाल्या. आई ओरडली, मुरायला वेळ लागेल म्हणून."